न्हाणीघरातील बाक

सुचेताने मुंबईच्या दुकानातून आणलेली चाकांची खुर्ची माजघरात आली, त्या दिवशी भाऊंना स्नान घडून एकेचाळीस दिवस झाले होते. दिवस मोजण्याचे काम कुणी कुणावर सोपवले नव्हते. परंतु ब्राह्मण आळीतल्या त्या घरात प्रत्येक जण ते मनातल्या मनात मोजत होता, आणि आपला आकडा दुसऱ्याला सांगत नव्हता.

श्रावणात अर्धांगवायूने भाऊंची उजवी बाजू नेली. वाणी राहिली, पण ती जड झाली. एकेक शब्द विहिरीतून वर ओढून आणावा तसा येई. प्रथमचे दोन महिने श्रीनाथ बँकेत जाण्यापूर्वी वडिलांना धरून न्हाणीघरात नेई, पाटावर बसवी आणि स्नान घाली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पाटावरून उठवताना त्याचा पाय घसरला आणि पितापुत्र दोघेही ओल्या फरशीवर पडले. भाऊंना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. श्रीनाथचे मनगट मात्र मुरगळले. तेव्हापासून ओल्या पंच्याने अंग पुसून घेणे, एवढेच उरले. पुसलेल्या अंगाने देवांना शिवायचे नाही, असे भाऊंनी त्याच दिवशी सांगून टाकले. चव्वेचाळीस वर्षे ज्यांनी घरची पूजा कधी चुकवली नव्हती, ते आता माजघरातल्या खाटेवर पडून मुलाने घाईघाईत वाजवलेली घंटा ऐकत.

भाऊंची थोरली मुलगी सुचेता पुण्याहून आली ती या बातमीमुळे. तिचे म्हणणे सरळ होते. एक तर येथे भाऊंच्या स्नानाची सुरक्षित सोय व्हावी. नाही तर शनिवारी सकाळी ती त्यांना आपल्याबरोबर पुण्याला नेणार. तिच्या घराचे न्हाणीघर सपाट होते, आणि रुग्णालयात काम केलेला एक गडीही तिने ठरवून ठेवला होता. भाऊंना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे." त्या दोन शब्दांनी श्रीनाथला रात्रभर झोप लागली नव्हती.

"ही बसायची खुर्ची आहे की मोरीचं झाकण?" विदुआत्यांनी खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घालून विचारले. विद्युल्लता ही भाऊंची धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वैधव्य घेऊन माहेरी आली, आणि घरातले सोवळे तेव्हापासून तिच्या ताब्यात होते. "आणि मध्ये हे भोक कशाला?"

"पाणी खाली जावं म्हणून, आत्या."

"पाणी खाली जायला भोक लागत नाही, सुचेता. मी पासष्ट वर्षं पाटावर बसून आंघोळ करते आहे. पाणी खालीच गेलंय."

श्रीनाथची बायको सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसू आले, ते तिने पदराआड घेतले. सुचेताने ते पाहिले. तिला वाटले, या घरात आपण आता पाहुणी. आपल्या खुर्चीवर हसायचा अधिकार सगळ्यांना आहे. तिने खुर्ची ढकलत न्हाणीघरापाशी नेली.

तेथे उंबरा होता. चार बोटे उंच, काळ्या दगडाचा. पुढची चाके त्याला टेकून थांबली.

"श्री, त्या बाजूनं उचल."

"रिकामी आहे म्हणून उचलता येते, ताई. भाऊ बसलेले असताना?"

"तू उचल तर खरं."

दोघांनी ती पलीकडे ठेवली. न्हाणीघराची फरशी मोरीकडे उतरती. पाणी तुंबू नये म्हणून आजोबांनी ती मुद्दाम तशी करवून घेतली होती. रिकामी खुर्ची क्षणभर विचार करीत असल्यासारखी स्थिर राहिली, आणि मग कुणी हात लावलेला नसताना, संथपणे, मोरीच्या दिशेने चालू लागली. भिंतीला लागून ती थांबली.

खाटेवरून भाऊंचा आवाज आला. "तिला... घाई आहे."

सगळे हसले. सुचेताही हसली, परंतु तिचे डोळे भरून आले होते. प्रिन्सेस स्ट्रीटवर दोन तास उभे राहून, दुकानदाराला वडिलांची उंची, वजन, सगळे सांगून तिने ती खुर्ची निवडली होती. उंबऱ्याविषयी दुकानदाराने विचारले नव्हते, आणि ज्या उंबऱ्यावरून बालपणी हजार वेळा उडी मारली, तो तिला आठवला नव्हता.

"मग झालं तर," ती म्हणाली. "शनिवारची गाडी आहेच."

"खुर्ची आत जाईना म्हणून माणसालाच घराबाहेर न्यायचं?" श्रीनाथ म्हणाला.

"श्री, तुझं मनगट अजून सुजलेलं आहे. पुढच्या वेळी भाऊंचं हाड मोडलं, तर मला काय सांगशील? पत्र लिहिशील?"

विदुआत्या एरवी सुचेताची बाजू घेत नसत. आज त्यांनी भाच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. पडण्याचा तो आवाज त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकला होता.

·

संध्याकाळी चहा घेऊन सुमती सासऱ्यांपाशी बसली. ती कन्याशाळेत गणित शिकवी. माणूस बोलायच्या बेतात असला की गप्प कसे बसावे, हे तिला वर्गात राहून कळले होते. भाऊंनी डाव्या हाताने पेला धरला, अर्धा चहा घेतला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.

"सुमती."

"काय, भाऊ?"

"पुण्याला... गडी. इथं... श्रीनाथ. हात कुणाचा... एवढाच फरक."

तिने पेला त्यांच्या हातातून घेतला.

"मला... कुणी आंघोळ घालू नये," ते म्हणाले. एवढे वाक्य जुळवायला त्यांना कपाळावर घाम आला होता. "मी... करावी."

तेव्हा सुमतीच्या ध्यानात आले की, आठ माणसांचा सल्ला घेऊन घराने जो प्रश्न सोडवायला घेतला होता, तो भाऊंचा प्रश्नच नव्हता. घराला भाऊंना स्नान घालायचे होते. भाऊंना स्नान करायचे होते. मुलाच्या हातून, मग तो कितीही प्रेमाचा असो, लहान मुलासारखे भिजवले जाण्यापेक्षा त्यांना पुणेही चालले असते. कारण तेथे निदान ज्याने पाहिले तो परका असता.

रात्री तिने हे नवऱ्याला सांगितले. श्रीनाथ अंथरुणावर उठून बसला.

"एकट्यानं? जमेल त्यांना?"

"ते मला माहीत नाही. पण ते पुण्याला का हो म्हणाले, ते आता कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेल्यावर सुमतीने एक गोष्ट केली आणि ती कुणाला सांगितली नाही. जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिने आपला उजवा हात कमरेशी घट्ट बांधला, स्टुलावर बसली, आणि केवळ डाव्या हाताने आंघोळ करू लागली. पितळी तांब्या पहिल्याच वेळी हातून निसटला. साबण दोनदा मोरीपर्यंत गेला. पाठीवर पाणी पोचेना. पंचा पिळणे ही एका हाताची गोष्टच नव्हे, हे तिला त्या दिवशी समजले. दुसऱ्या दिवशी तिने तांब्याऐवजी कानाचा हलका प्लास्टिकचा मग घेतला आणि त्याला सुतळी बांधली, म्हणजे पडला तरी ओढून घेता येईल. साबण जुन्या मऊ कापडाच्या पिशवीत शिवून टाकला आणि पिशवीला बंद लावला. तिसऱ्या दिवशी पाठीसाठी घोसाळ्याच्या चोथ्याला तिने लाकडी उलथन्याचा दांडा बांधला. "आंघोळीला इतका वेळ?" असे विदुआत्यांनी तिन्ही दिवस विचारले, आणि तिन्ही दिवस तिने "डोक्यावरून घेतली," असे उत्तर दिले.

·

नारपोलीत हिरामणचे वर्कशॉप यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, गाळ्यांच्या मधोमध होते. दोन्ही बाजूंनी खटखट इतकी अखंड चाले की, तेथे बोलणारी माणसे आपोआप जवळ येत. हिरामण आणि श्रीनाथ एका वर्गातले. शाळेत भाऊ संस्कृत शिकवीत; त्यांच्या हाताखाली हिरामण दोनदा नापास झाला होता, आणि त्याबद्दल त्याच्या मनात गुरुजींविषयी आदराखेरीज काही नव्हते. शेतीभाती विकून त्याने वेल्डिंगचे यंत्र घेतले होते. आता लूमचे मोडलेले सुटे भाग त्याच्याकडे थेट कोन गावापासून येत.

"उचलून नेताना पडलात?" सगळे ऐकून घेतल्यावर हिरामणने विचारले. "उचललाच कशाला?"

"मग काय करायचं?"

हिरामणने समोरच्या गाळ्याकडे बोट केले. "तो बीम बग. सुतानं भरलेला. दोन मानसांचा वजन हाय. लूमवर चढवताना आमी तो उचलून न्हाय नेत, कंबर जाते. घोडी लावतो, तिची उंची लूमच्या उंचीला जुळवतो, अन् सरकवतो. गुरुजींना उचलू नको. सरकव."

श्रीनाथने बीमची जमिनीपासूनची उंची नजरेने मापली.

"बाक करू," हिरामण म्हणाला. जमिनीवरच त्याने खडूने रेघ ओढली. "हा तुमचा उंबरा. बाक आर्धा भायेर, आर्धा आत. गुरुजींनी भायेर बसायचा, अन् बसल्या बसल्या सरकत आत जायाचा. उंबरा राहील खाली, त्याला वलांडायचाच न्हाय. आतली फरशी उतरती हाय ना? मंग आतले पाय लांब करू, मोरीकडचा आनखी लांब. खाली रबराचे बूट. चाक न्हाय, काय न्हाय. पाइप जस्ताचा, गंज धरनार न्हाय."

"बसायला सागाच्या पट्ट्या," श्रीनाथ उत्साहाने म्हणाला. "मध्ये फटी ठेव, पाणी जाईल. आणि धरायला दांडा हवा."

"हवाच. मी येतो बगायला. सांजच्याला येऊ?"

श्रीनाथ थबकला. विदुआत्यांचे सोवळे त्याला आठवले. लहानपणी हिरामण येई, तो ओटीवर थांबे. पाणी त्याला तेथेच मिळे. घरातले न्हाणीघर अगदी आत, देवघराला लागून. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, ज्या गुरुजींच्या नुसत्या चाहुलीने वर्ग शांत होई, त्यांना खाटेवर तसे पडलेले हिरामणने पाहावे, हे श्रीनाथला सोसणारे नव्हते.

"मापं मी आणली आहेत," तो म्हणाला, आणि खिशातून कागद काढला.

बँकेच्या माणसाचा तो कागद होता. स्वच्छ, रेघ मारून काढलेला. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, फरशीचा उतार, सगळे त्यावर होते. दार उत्तरेला, मोरी दक्षिणेला. भाऊ पूर्वेकडे तोंड करून बसतील. दांडा आणि बादलीची घडवंची आतल्या टोकाला, त्यांच्या उजव्या हाताशी. या घरात पाण्याचे भांडे सदैव उजव्या हाताशीच असे. पिढ्यान्‌पिढ्या घंगाळ ठेवल्याने तेथील दगडावर वाटोळे डागही पडले होते.

हिरामणने कागद उलटसुलट पाहिला. "जागेचा माप झाला. मानसाचा कुठं हाय?"

"उंची लिहिली आहे की कोपऱ्यात."

"उंची न्हाय रं." तो पुढे काही बोलणार होता, परंतु श्रीनाथच्या चेहऱ्यावरचा संकोच त्याने पाहिला, आणि ओटीवर थांबण्याची सवय त्यालाही होती. "बरा. शुक्रवारी लाइट बंद असते, त्या दिशी घेऊन येतो. तेवढा तरी येऊ दे मना."

·

शुक्रवारी दुपारी हातगाडीवरून बाक आला. त्या दिवशी लूम बंद असल्याने सारे गाव कानांतला दडा निघाल्यासारखे निवांत झाले होते. हिरामण ओटीवर थांबला; तेव्हा खाटेवरून भाऊंनी हाक मारली, "हिरामण... आत ये." विदुआत्यांनी भावाकडे पाहिले आणि वाटेतली सोवळ्याची काठी उचलून बाजूला ठेवली.

बाक सुंदर झाला होता. पट्ट्यांच्या कडा हिरामणने स्वतः घासून गोल केल्या होत्या. तो उंबऱ्यावरून आत सरकवला, तेव्हा सहाही पाय जमिनीला टेकले. हाताने हलवूनही तो हलला नाही. बाकामुळे दार लागेना, म्हणून सुमतीने गाळ्यातल्या जाड कोऱ्या कापडाचा पडदा आधीच शिवून ठेवला होता. सुचेताच्या चाकांच्या खुर्चीवर बसवून भाऊंना उंबऱ्यापर्यंत आणले.

"बघ, ताई, तुझी खुर्चीही कामाला आली," श्रीनाथ म्हणाला.

"आणली म्हणून आली," सुचेता म्हणाली. परंतु तिने बाकाच्या पट्टीवरून हात फिरवला, आणि फट कुठे बोचत तर नाही ना, ते पाहिले.

अंगावर कपडे असतानाच एकदा बसून पाहायचे ठरले. श्रीनाथच्या आधाराने भाऊ उठले, वळले, आणि बाकाच्या बाहेरच्या अर्ध्यावर पूर्वाभिमुख बसले. डावा पाय रेटून, डावा तळहात पट्टीवर दाबून, ते वीतभर आत सरकले. मग आणखी वीतभर. उंबरा त्यांच्या खालून गेला आणि ते आतल्या टोकाला पोचले. श्रीनाथने सुचेताकडे पाहिले. त्या पाहण्यात जिंकल्याचा आनंद लपत नव्हता.

सुमतीने मात्र दोन्ही हात तोंडाशी नेले होते.

"दांडा उजवीकडे आहे," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला अर्थ लागला नाही. मग भाऊंनी पाण्यासाठी डावा हात उचलला. तो छातीपुढून उजवीकडे आला, बादलीच्या काठापासून अर्धा हात अलीकडे थांबला, आणि परत मांडीवर आला. धरायचा दांडा त्यांच्या निश्चेष्ट खांद्याला लागून उभा होता.

"मी लिहून दिलं," श्रीनाथ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "कागदावर मीच लिहून दिलं. पाणी उजवीकडे." मग सुमतीकडे वळून, "तुला बघताक्षणी कसं कळलं?"

"मी तीन दिवस उजवा हात बांधून आंघोळ केली." तिने हे वही तपासल्याचे सांगावे तसे सांगितले. "बादली आपोआपच डावीकडे घेतली. तुम्ही विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

"डोक्यावरून घेतली म्हणे," विदुआत्या पुटपुटल्या.

"वयनी," हिरामण म्हणाला, "माप घेऊन तुमीच यायाचा व्हता."

तो गुडघ्यावर बसून बाक पाहू लागला. "दांडा तोडून ह्या टोकाला जोडला तं?... न्हाय. ह्याच टोकानं गुरुजी आत येतात. दांडा वाटंत उभा ऱ्हाईल." त्याने मान हलवली. "येकच हाय. बाक हाय तसाच ठेवायचा, गुरुजींनी त्वांड फिरवून बसायचा. मंग दांडा डाव्या हातात, पानी डाव्या हाताला, अन् सरकतानाबी दांडा धरून ओढून घेता येल. अजून सोपा."

"तोंड फिरवून म्हणजे पश्चिमेला," विदुआत्या म्हणाल्या.

"ते मना न्हाय कलत, आक्का. त्या भिंतीकडं."

"ती भिंत पश्चिमेची आहे. या घरात पश्चिमेला तोंड करून सकाळचं स्नान कुणी केलेलं नाही. आमच्या आबांनी नाही, त्यांच्या वडिलांनी नाही. दादा तर करणारच नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आहे ते सांगितल्यासारखे त्या बोलल्या. "देवांना शिवायचं म्हणून हे सगळं चाललंय ना? मग ते अर्धवट कसं चालेल?"

"मग उद्याची गाडी आहेच," सुचेता म्हणाली.

हे शब्द उच्चारताना आपल्या आवाजात किंचित समाधान उमटले, हे तिचे तिलाच ऐकू आले. गेले पाच दिवस ती स्वतःला सांगत होती की, आपल्याला केवळ भाऊंची सुरक्षितता हवी आहे. आता तिला दिसले की, तिला भाऊ हवे होते. एकवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेल्यापासून जे दर सुटीला चार दिवसांसाठीच वाट्याला आले, ते भाऊ. आणि त्यासाठी या सुंदर बाकाने अपयशी व्हावे, असे तिच्या मनाचा एक कोपरा इच्छीत होता. तिने मान खाली घातली.

भाऊ आतल्या टोकाला बसून होते. आपल्याविषयी एवढी माणसे बोलत आहेत, याची त्यांना आता सवय झाली होती. श्रावणापासून ते बोलण्याचा विषय झाले होते, बोलणारे नव्हे. मान मागे वळवून ते पश्चिमेच्या भिंतीतल्या उंच जाळीकडे पाहत होते. तिच्यातून उतरते ऊन आत आले होते आणि बादलीतल्या पाण्यावर पडले होते. पाण्याचे प्रतिबिंब छतावर थरथरत होते. आयुष्यभर या न्हाणीघरात ते पहाटे आले. दुपारी येथे ऊन येते, हे त्यांनी आज प्रथमच पाहिले.

"विदू."

"काय, दादा?"

"नियम... दिशेचा... की सूर्याचा?"

विदुआत्यांनी थोडा विचार केला. भावाच्या प्रश्नाला घाईने उत्तर द्यायचे नसते, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. "सूर्याचा. म्हणूनच पूर्व."

"आत्ता... कुठे आहे?"

त्यांनी जाळीकडे पाहिले.

"आत्ता पश्चिमेला," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी?"

भाऊंच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "उद्या... पाठीवर... घेईन."

विदुआत्यांची पासष्ट वर्षांची शिस्त अशी एका वाक्याने सैल होत नाही. ती झालीही नव्हती. परंतु भाऊंनी ते विचारून केले होते, टाळून केले नव्हते, आणि तो भेद त्यांना कळत होता. त्यांनी पदर खोचला आणि चुलीकडे वळल्या.

"सुमती, पाणी फार कढत नको गं. डाव्या हाताला अंदाज नसतो."

·

श्रीनाथने भाऊंना बाहेरच्या टोकाला पुन्हा बसवले, या वेळी पश्चिमाभिमुख. सदरा काढला, पंचा नेसवला. भाऊंनी डावा हात लांब करून दांडा पकडला आणि स्वतःला आत ओढून घेतले. तीन झोक्यांत ते टोकाला पोचले. सुतळी बांधलेला मग, पिशवीतला साबण, दांड्याचा चोथा, सगळे डाव्या हाताशी होते. त्यांनी प्रत्येक वस्तूला एकदा हात लावून पाहिला.

"आता... जा."

"मी इथेच उभा राहतो, भाऊ. पाठ करून."

"पडद्या... बाहेर."

श्रीनाथ बाहेर आला. पडदा पडला. माजघरात पाच माणसे बसली, आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हते. हिरामण भिंतीला टेकून बसला होता. सुमतीने त्याच्यापुढे चहा ठेवला, तरी तो कप उचलत नव्हता.

बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग पाण्याचा आवाज आला. थोडासा, चाचपून पाहिल्यासारखा. पुन्हा आला, तो अधिक मोठा. बाकाच्या फटींतून पाणी फरशीवर पडत होते.

एकाएकी काहीतरी आदळले. श्रीनाथ उठलाच.

"थांबा," सुमतीने त्याचा हात धरला. "मग पडला असेल."

"तू कशावरून..."

"माझाही पडला होता. ऐका."

सुतळी फरशीवरून घासत वर गेल्याचा आवाज आला. बादलीत मग बुडाल्याचा आवाज आला. श्रीनाथ हळूहळू खाली बसला, आणि त्याने आपले दुखरे मनगट दुसऱ्या हातात धरून ठेवले. त्या हाताला आता तेथे काही काम नव्हते. आणि त्या गोष्टीचे दुःख होते की सुख, हे त्याचे त्याला उमगेना.

मग आतून भाऊंचा स्वर आला. स्नान करताना ते नद्यांची नावे घेत. घरातल्या मुलांना भूगोल शिकण्यापूर्वीच ती नावे येत असत. आज ती वाकडीतिकडी, एकेक अक्षर तोडत येत होती. गंगा आली. यमुनेला वेळ लागला. गोदावरीचे मधले अक्षर वाहून गेले. सरस्वती दोन प्रयत्नांनी आली. नर्मदा, सिंधू, कावेरी. सात झाल्या, तेव्हा विदुआत्यांचे ओठ हलले; कारण शास्त्रात नसलेली, गावाजवळून वाहणारी आठवी नदी भाऊ स्वतःच्या पदरची घालीत, आणि ती ते विसरले तर नाहीत ना, अशी त्यांना शंका आली.

"काम... वारी," भाऊ म्हणाले.

हिरामण मान खाली घालून हसला. "आमची सोडली न्हाय," तो हलकेच म्हणाला, आणि चहाचा कप उचलला.

आणखी दोन मग पाणी पडले. त्यानंतर पडद्याआडून हाक आली.

"सुचेता."

ती चटकन उठून पडद्यापाशी गेली. आत मात्र गेली नाही. "काय, भाऊ? पंचा देऊ?"

"पंचा... श्रीनाथ देईल. तू... देवांचं पाणी... भर."

उद्याच्या गाडीविषयी त्यांनी काही म्हटले नाही, आणि तिनेही विचारले नाही. मागे वळून तिने विदुआत्यांकडे पाहिले. विदुआत्यांनी देवघराकडे नुसता हात केला; सोवळे नेसून ये, असेही त्या म्हणाल्या नाहीत.

सुचेता देवघरात गेली. कळशी कुठे ठेवलेली असते, हे तिला एकवीस वर्षांनंतरही कुणाला विचारावे लागले नाही.